कॉपी केलेला पेनड्राइव्ह बूट का होत नाही?

भाचीचा फोन आला. "मामा, लॅपटॉप सुरूच होत नाहीये. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर विंडोजची आयएसओ फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, बूट मेन्यूत जाऊन पेनड्राइव्ह निवडला. तरी काळ्या पडद्यावर बूट करण्यासारखं काही सापडलं नाही, एवढंच येतंय. पेनड्राइव्ह खराब असेल का?"

पेनड्राइव्ह धडधाकट होता. फाइलही पूर्ण उतरली होती. चुकली होती ती एक समजूत, आणि ती फार जणांची असते: फाइल पेनड्राइव्हमध्ये आहे ना, मग कॉम्प्युटरला ती दिसेलच. आपल्याला फाइल दिसते, कारण त्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिम चालू असते. फाइल, फोल्डर, डबल क्लिक या सगळ्या सोयी तिने दिलेल्या. बटण दाबल्याच्या क्षणी मात्र ती जागीच झालेली नसते. मेमरी कोरी असते. मग तिला उठवतं कोण? या उठवण्यालाच बूट करणं म्हणतात.

प्रोसेसरला वीज मिळाली की त्याला एकच गोष्ट ठाऊक असते: पहिली आज्ञा कुठून वाचायची तो पत्ता. १९८१च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरसाठी हा पत्ता १०,४८,५६० होता. त्या प्रोसेसरचा आवाका १ एमबीचा, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांचा. वजाबाकी केली तर पत्त्यापासून शेवटापर्यंत फक्त १६ बाइट उरतात. एवढ्याशा जागेत काम करणारा प्रोग्राम कसा मावणार? म्हणून तिथे 'अमुक ठिकाणी जा' एवढीच उडीची आज्ञा ठेवलेली असे. आजच्या पीसीतले प्रोसेसरही याच वळणावर चालतात, फक्त ४ जीबीला १६ बाइट कमी असताना. ही उडी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये नेते. त्या चिपमधला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. त्याला जुन्या यंत्रांत बायोस म्हणतात आणि नव्यांत यूईएफआय.

बायोसची रीत अगदी साधी होती. मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासून झाल्या की तो डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलायचा आणि मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवायचा. तेवढ्यातले शेवटचे दोन बाइट पाहायचे, बरोबर असले तर प्रोसेसरला तिकडे उडी मारायला सांगायचं, की त्याचं काम संपलं. ३१,७४४ हा आकडा विचित्र वाटतो, पण ३२ केबीतून १ केबी वजा करा, तोच येतो. त्या काळी ३२ केबी मेमरी म्हणजे किमान गरज धरलेली होती. तिच्या टोकाशी हा तुकडा ठेवला की खालची जागा ऑपरेटिंग सिस्टिमला मोकळी राहते.

हे ५१२ बाइट मी पहिल्यांदा हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या टूलमध्ये, उघडून पाहिले, तेव्हा बराच वेळ पडद्यासमोरून उठलो नव्हतो. पहिल्या ४४६ बाइटांत प्रोग्राम. त्यानंतर ६४ बाइटांचा तक्ता, त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी आणि प्रत्येक ओळीत एकेका पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या एकेका भागाची, सुरुवात आणि लांबी. अगदी शेवटी दोन बाइट: ५५ आणि एए. हे आकडे सोळाच्या पायातले. बिटांत मांडले की ०१०१०१०१ आणि १०१०१०१०, एकाआड एक शून्य आणि एक, दुसरा बाइट पहिल्याच्या बरोबर उलटा. कोऱ्या डिस्कवर सगळी शून्यं असतात, तिथे ही जोडी आपोआप उमटत नाही. दोन बाइटांच्या ६५,५३६ संभाव्य जोड्यांपैकी नेमकी हीच सापडली, तर इथे कुणीतरी जाणूनबुजून काही लिहिलंय असं बायोस धरून चालतो.

लक्षात घ्या, या सगळ्यात फाइलचं नाव कुठेच आलं नाही. बायोसला नाव कळत नाही, जागा कळते. तुम्ही पेनड्राइव्हवर कॉपी केलेली फाइल मधेच कुठेतरी जाऊन बसते. तिच्यासाठी पहिला सेक्टर, म्हणजे ते पहिले ५१२ बाइट, बदलत नाही.

"पण माझा लॅपटॉप नवा आहे, त्यात यूईएफआय आहे," भाची म्हणाली. बरोबर आहे. यूईएफआय थोडं अधिक शिकलेलं फर्मवेअर आहे, त्याला फॅट या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क स्वतःहून वाचता येते. पेनड्राइव्ह लावला की ते 'ईएफआय' नावाचं फोल्डर शोधतं, त्यात 'बूट' फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४' नावाची, ईएफआय हेच एक्स्टेन्शन असलेली फाइल. ती मिळाली की चालवतं. भाचीच्या पेनड्राइव्हवर ही फाइल होती, पण आयएसओच्या पोटात. आयएसओ म्हणजे एका अख्ख्या सीडीची किंवा डीव्हीडीची बाइटन् बाइट नक्कल, एकाच फाइलच्या गाठोड्यात बांधलेली. फर्मवेअर गाठोडं सोडून पाहत नाही. त्याला वर फक्त एक भलीमोठी फाइल दिसली, आणि नको असलेला निरोप पडद्यावर आला.

मग गाठोडं सोडून आतल्या फाइली फॅट३२ पेनड्राइव्हवर टाकल्या तर? यूईएफआयसाठी ही युक्ती खरोखर चालते. अडचण एकच. फॅट३२मध्ये फाइलची लांबी ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. विंडोजच्या आयएसओत 'इन्स्टॉल' नावाची जी मुख्य फाइल असते ती बरेचदा याहून मोठी भरते. बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं रूफससारखं टूल इथे कामाला येतं. ते मोठं पार्टिशन एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीचं करतं आणि शेजारी एक अगदी छोटं फॅटचं पार्टिशन ठेवतं. फर्मवेअर छोट्यातून सुरुवात करतं आणि तिथला प्रोग्राम त्याला एनटीएफएस वाचायला शिकवून मोठ्याकडे नेतो.

लिनक्सच्या आयएसओंची तऱ्हा निराळी, आणि मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचं आयएसओ ९६६० हे प्रमाण १९८८ साली आलं. सीडीचा सेक्टर २,०४८ बाइटांचा. प्रमाण ठरवणाऱ्यांनी पहिले १६ सेक्टर मोकळे सोडले. कुणाला स्वतःच्या यंत्रासाठी काही ठेवायचं असेल तर ठेवा, आमचं वर्णन १६ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होईल (क्रमांक शून्यापासून मोजतात). १६ गुणिले २,०४८ म्हणजे ३२,७६८ बाइट. पुढे १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम यांनी सीडीवरून बूट करण्याची 'एल टोरिटो' ही पद्धत आणली. त्यांनी आपली चिठ्ठी १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये ठेवली. सीडी पाहिली की बायोस थेट १७ क्रमांकाच्या सेक्टरकडे जातो. सुरुवातीच्या मोकळ्या जागेला कुणी हात लावला नाही.

आता तीच आयएसओ जशीच्या तशी, पहिल्या बाइटापासून, पेनड्राइव्हवर लिहिली तर काय होईल? पेनड्राइव्ह बायोसला हार्ड डिस्कसारखा दिसतो. मग बायोस १७ क्रमांकाच्या सेक्टरकडे फिरकतही नाही, पहिले ५१२ बाइट वाचतो. तिथे शून्यं, खूण नाही, काम खलास. एच. पीटर अँव्हिन यांच्या सिसलिनक्स या लिनक्स बूट करून देणाऱ्या प्रकल्पातल्या 'आयसोहायब्रिड'ने नेमकी ही फट हेरली. आयएसओच्या सुरुवातीला ३२,७६८ बाइट मोकळेच आहेत आणि बायोसला हवेत फक्त ५१२. मग त्याच मोकळ्या जागेत हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर लिहून ठेवा: ४४६ बाइटांचा प्रोग्राम, पार्टिशनचा तक्ता, शेवटी ५५ एए. सीडीचं प्रमाण मोडत नाही, कारण ती जागा प्रमाणानेच वापरणाऱ्यावर सोडलेली. तक्त्याच्या एका ओळीत आयएसओच्या पोटातल्या फॅटच्या तुकड्याचा पत्ता घातला की यूईएफआयचीही सोय होते. एकच फाइल सीडीवर भाजली तर सीडी म्हणून उठते, पेनड्राइव्हवर उतरवली तर हार्ड डिस्क म्हणून उठते. १९८८मध्ये जागा मोकळी सोडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पेनड्राइव्ह नव्हता, कारण तो अजून जन्मालाच आला नव्हता.

रूफस कधीकधी विचारतं, 'आयएसओ मोडमध्ये लिहू की डीडी मोडमध्ये?' त्या प्रश्नाचा उलगडा इथे होतो. आयएसओ मोड म्हणजे गाठोडं सोडून फाइली मांडणं. डीडी मोड म्हणजे आयएसओचा पहिला बाइट पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटावर, दुसरा दुसऱ्यावर, असं शेवटपर्यंत. लिनक्सच्या बहुतेक आयएसओंना दोन्ही चालतात. विंडोजची आयएसओ अशी दुहेरी बांधणीची नसते, तिला डीडी पद्धतीने लिहिलं तर बूट होत नाही. डीडीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की तो कधी जेमतेम काही एमबींचा दिसतो, कधी 'फॉरमॅट करायचा का?' अशी विचारणा होते. घाबरू नका, पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. त्यावरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, इतकंच. 'नाही' म्हणा.

व्हेंटॉय नावाचं टूल तर आणखी पुढे जातं. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की मग आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, अगदी भाचीने केल्या तशाच. पहिल्या सेक्टरचं आणि यूईएफआयच्या फाइलचं काम व्हेंटॉयने आधीच करून ठेवलेलं असतं. बूट झाल्यावर ते यादी दाखवतं आणि निवडलेली आयएसओ जणू खरी डिस्क असल्यासारखी पुढे ठेवतं. दुरुस्तीसाठी एकच पेनड्राइव्ह बाळगायचा असेल तर मी हेच सुचवतो.

असा पेनड्राइव्ह लागतोच कशाला? चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचं निदान नीट करू शकत नाही, म्हणून. तिच्या फाइली तिनेच धरून ठेवलेल्या असतात. रूटकिट जातीचा व्हायरस शिरला असेल तर तो अँटिव्हायरसला खोटी यादी दाखवू शकतो. मेमरी तपासायची म्हटलं तर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच त्या मेमरीत ठाण मांडून असते. मेमटेस्ट८६ प्लस ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट चालतो, म्हणून त्याला जवळजवळ सगळी मेमरी मोकळी मिळते. बाहेरून बूट केलं की आतली हार्ड डिस्क स्वस्थ पडलेली असते आणि तुम्ही तिला तपासू शकता.

१९ जुलै २०२४ रोजी हे जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. विमानं खोळंबली, रुग्णालयांची कामं थांबली. इलाज होता एक फाइल पुसण्याचा, पण ती पुसायला यंत्र उठायला तर हवं! मायक्रोसॉफ्टने त्यासाठी बूटेबल पेनड्राइव्ह बनवणारं टूल दिलं आणि माणसं एकेका यंत्रापाशी जाऊन तो लावत गेली. जिथे डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होती तिथे ४८ अंकी रिकव्हरी की लागली. तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर ती की आजच कागदावर लिहून ठेवा. पेनड्राइव्ह कितीही चांगला असला तरी तिच्याशिवाय आतला डेटा उघडत नाही.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. 'हा पेनड्राइव्ह लावा, कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल' अशा जाहिराती. पेनड्राइव्हमध्ये असं कोणतंही सामर्थ्य नसतं. मरायला टेकलेली हार्ड डिस्क त्याने बरी होत नाही, कमी मेमरी वाढत नाही. तशीच दुसरी अंधश्रद्धा 'फॉरमॅट मारा' ही. काहीही बिघडलं की फॉरमॅट. दोष मेमरीत असेल तर फॉरमॅटनंतर तो तिथेच राहतो, जातो तो तुमचा डेटा. आधी फाइली काढून घ्या, मग निदान करा, आणि फॉरमॅटचं नाव अगदी शेवटी.

बनवताना दोन खबरदाऱ्या. आयएसओ अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ चा ६४ अक्षरांचा आकडा तुमच्या फाइलशी जुळवून पाहा. एक बिट जरी बदललेला असेल तरी तो आकडा पार वेगळा येतो. आणि लिहिण्याआधी कोणती डिस्क निवडली आहे ते दोनदा वाचा, जीबीचा आकडा पाहा. हे टूल समोरची डिस्क पूर्ण पुसतं, ती पेनड्राइव्ह आहे की तुमच्या फोटोंची बाहेरची हार्ड डिस्क, हे त्याला कळत नाही.

भाचीने मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर व्हेंटॉय बसवलं, विंडोजच्या जोडीला एक लाइव्ह लिनक्स, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स, आणि मेमटेस्टही ठेवला. बूट मेन्यूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं, एकाच्या आधी यूईएफआय असं लिहिलेलं. "यातला कुठला?" तिने विचारलं. लॅपटॉपचं विंडोज यूईएफआयवर बसवलेलं होतं, तेव्हा पेनड्राइव्हही तसाच उठवायचा. पण सिक्युअर बूटने अडवलं. ते फक्त ओळखीच्या सहीचे बूट प्रोग्राम चालू देतं, आणि व्हेंटॉयची ओळख पहिल्यांदा हाताने करून द्यावी लागते. ती निळ्या पडद्यावरची नोंदणी फोनवरच पार पडली. लिनक्स उठलं, तिने प्रोजेक्टचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घेतलं आणि मग मेमटेस्ट लावला. पहिल्याच फेरीत लाल ओळी आल्या. मेमरीची एक पट्टी सदोष होती. ती काढल्यावर विंडोज जसं होतं तसं सुरू झालं, नव्याने टाकावंच लागलं नाही.

पेनड्राइव्ह तिने जपून ठेवलाय. मी तिला एवढंच सांगितलं की वर्षातून एकदा तो नव्याने बनव. जुन्या बूट प्रोग्रामांत सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या की सिक्युअर बूट त्यांना काळ्या यादीत टाकतं, आणि गेल्या वर्षी उठलेला पेनड्राइव्ह ऐन गरजेच्या वेळी नाकारला जाऊ शकतो.