यकृताची पेशी: घड लागतो, गोडी भरत नाही

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी उरकली की पुढच्या दोनेक महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्याडोळ्यात एक निवाडा होतो. डोळ्यातला अंकुर तेव्हा ना घड असतो, ना बाळी (आधाराला वेढे घेणारा तंतू). सायटोकायनिन हे संप्रेरक आणि ऊन भरपूर मिळालं तर तो घडाकडे वळतो. नत्र जास्त झालं, आभाळ भरून राहिलं, जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर चढला, तर बाळीकडे. सिक्स बीए या सायटोकायनिनची फवारणी असते ती यासाठीच. ऑक्टोबर छाटणीनंतर जे दिसतं, ते उन्हाळ्यातच ठरलेलं असतं.

माणसाच्या यकृतातही असा निवाडा होतो, गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असताना. भावी आतड्याच्या नळीला वरच्या बाजूला एक फुगवटा येतो. शेजारी नुकतंच धडधडू लागलेलं हृदय असतं, त्याच्याकडून एफजीएफ नावाची प्रथिनं येतात. भावी श्वासपटलाच्या ऊतीतून बीएमपी हे प्रथिन येतं. या दोन निरोपांवर फुगवट्यातल्या पेशी हेपॅटोब्लास्ट, म्हणजे यकृताच्या आद्य पेशी, होतात. त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रतिहारी शिरेला खेटून असलेल्यांना 'नॉच' हा संकेत मिळतो आणि त्यांच्या पित्तनलिका बनतात. बाकीच्यांच्या हेपॅटोसाइट, म्हणजे यकृताचं खरं काम ओढणाऱ्या पेशी.

घड लागला म्हणजे द्राक्ष झालं नाही, हे नाशिककराला सांगायला नको. मण्यात पाणी उतरायचं असतं, साखर भरायची असते. यकृताच्या पेशीचंही तेच. गर्भातलं यकृत मुळात रक्तपेशी बनवण्याचा कारखाना असतो. गंमत अशी की याच पाहुण्या रक्तपेशी ऑन्कोस्टॅटिन-एम हे प्रथिन सोडून यजमान पेशींना वयात आणायला लागतात. पण जन्माच्या वेळी हे काम अर्धवटच असतं. बिलिरुबिन (जुन्या रक्तपेशी मोडून होणारं पिवळं द्रव्य) पाण्यात विरघळेल असं करणाऱ्या यूजीटी-1ए1 या विकराची, म्हणजे एन्झाइमची, ताकद नवजात बाळात मोठ्या माणसाच्या साधारण 1 टक्का असते आणि पूर्ण व्हायला तीनेक महिने लागतात. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इतकी बाळं पिवळी दिसतात. डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात तेव्हा 460 ते 490 नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते विकराविनाच बाहेर पडतं. कोवळ्या उन्हात धरून हे भागत नाही. त्यात प्रकाशाची मात्रा मोजता येत नाही, आणि बाळ भाजतं किंवा गारठतं.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकं घालून पुन्हा मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, करून दाखवल्या. अशा पेशीपासून यकृताची पेशी करण्याची 2010 मधली एक कृती वीस दिवसांची आहे, पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांत. पहिल्यात ॲक्टिव्हिन-ए, मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम. दुसऱ्यात बीएमपी-4 (20) आणि एफजीएफ-2 (10), म्हणजे हृदय आणि श्वासपटलाची नक्कल. तिसऱ्यात यकृतपेशी वाढवणारं एचजीएफ (20), चौथ्यात ऑन्कोस्टॅटिन-एम (20). मधले दहा दिवस इन्क्युबेटरमधला ऑक्सिजन 4 टक्क्यांवर आणतात, कारण गर्भातही तो कमीच असतो. पहिला टप्पा बिघडला तर पुढचे पंधरा दिवस वाया. सॉक्स-17 हे पहिला टप्पा जमल्याची खूण असलेलं प्रथिन न दाखवणाऱ्या पेशी उरल्या, तर त्या तणासारख्या वाढत बसतात. ताटलीत हे खपून जाईल. शरीरात सोडल्या तर टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते.

विसाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सगळं छान दिसतं. पेशी बहुकोनी, काहींत दोन केंद्रकं. ग्लायकोजेन ही साठवणीची साखर साठतंय, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बाहेर पडतंय. पण त्याच पेशी अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भातलं प्रथिनही सोडत असतात, जे जन्मानंतर वर्षभरात नगण्य व्हायला हवं. औषधं पचवणारं प्रौढ विकर सीवायपी-3ए4 तोकडं, आणि गर्भातलं 3ए7 अजून ठाण मांडून. मणी टपोरा, पण चाखाल तर आंबट.

गोडी का भरत नाही? कालव्याच्या मुखाशी आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, सारखं पाणी मिळत नाही, तसं यकृतात ऑक्सिजनचं आहे. प्रतिहारी शिरेच्या मुखापासून रक्त बाहेर नेणाऱ्या मध्यशिरेपर्यंतचं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, वीसेक पेशींची रांग. तेवढ्यात ऑक्सिजन जवळपास निम्म्यावर येतो. मुखाशी असलेल्या पेशी युरिया बनवतात, टेलच्या पेशी औषधं मोडतात. पॅरासिटामॉल जास्त घेतलं तर आधी टेलच जळते, कारण त्याचं विष बनवणारं विकर तिथेच जास्त असतं. प्लास्टिकच्या ताटलीत ना मुख, ना टेल. आणि विकरच तोकडं असल्यामुळे कच्च्या पेशीवर पॅरासिटामॉल ओतलं तर ती बऱ्याचदा तगते. नवं औषध अशा पेशींवर तपासून निर्धास्त होणं म्हणूनच धोक्याचं. इतकंच काय, माणसाच्या यकृतातून काढलेली पिकलेली पेशीसुद्धा ताटलीवर दोन-तीन दिवसांत आपली कामं विसरू लागते. कोलेजनच्या दोन थरांत दाबली, गोळीच्या आकारात वाढवली किंवा रक्तवाहिनीच्या पेशी सोबतीला दिल्या तर जास्त टिकते.

आणि इथे द्राक्षाची उपमा सोडावी लागते. वेलीला फुटायला डोळा लागतो. यकृताला बहुधा लागत नाही. 1931 मध्ये उंदरांचं दोन तृतीयांश यकृत कापून पाहिलं, ते सात-दहा दिवसांत पूर्ववत झालं. यकृतदाता साठ टक्क्यांपर्यंत भाग देतो आणि उरलेला भाग काही महिन्यांत जवळपास मूळ आकाराला येतो. यात राबतात त्या नेहमीच्या पिकलेल्या पेशीच. कार्बन-14 मोजून 2022 मध्ये असं दिसलं की माणूस विशीतला असो की ऐंशीतला, त्याच्या यकृतपेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच असतं. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साचतात त्या आजारात, अडचण बियाण्याची कमी, जमिनीची जास्त: तंतूंचे पट्टे रक्ताची वाट अडवतात आणि थकलेल्या पेशी विभागायचं सोडतात.

त्यामुळे अस्थिमज्जेच्या मूलपेशी टोचून 'नवं यकृत' देण्याची जाहिरात पाहिली तर एवढं पाहावं: मज्जेतल्या त्या पेशी रक्त बनवतात, यकृत नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणी आहे म्हणाले, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागावा.