वर्डस्टार ४ साठीचा आमचा मेनू: वापरायचा कसा, जपायचे काय

आमच्याकडून वर्डस्टार या जुन्या टंकनाच्या प्रोग्रामवर मेनू बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. एकदा सावकाश वाचा आणि मग कॉम्प्युटरच्या टेबलाखणात ठेवा. निम्म्या गोष्टी वापरता वापरता कळतीलच, पण उरलेल्या आधी माहीत नसल्या तर दिवसभराचे टंकन वाया जाऊ शकते.

गेल्या वर्षभरात फोंडा, डिचोली आणि म्हापसा भागातले बरेच वकील, नोटरी आणि देवस्थानांचे कारकून एकच तक्रार घेऊन आमच्याकडे आले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणून त्यांनी नवे यंत्र घेतले आणि त्यावर वर्डस्टार उघडेना. यात बिघाड काहीच नाही. वर्डस्टार हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीचा, १६ बिटांचा प्रोग्राम आहे आणि ६४ बिटांचे विंडोज असे प्रोग्राम चालवतच नाही. विंडोज ११ तर ६४ बिटांतच येते. म्हणून आम्ही नव्या यंत्रावर डॉसबॉक्स-एक्स बसवतो. तो यंत्राच्या आत एक जुना डॉस पीसी उभा करतो आणि त्यात तुमचा वर्डस्टार पूर्वीसारखा चालतो.

मेनूची गरज पुढे निघाली. डिचोलीचे एक ज्येष्ठ टंकलेखक आमचे जुने ग्राहक. कार्यालयात नव्या आलेल्या मुलीला त्यांना वर्डस्टार शिकवायचे होते. तिने विचारले, "परिच्छेद हलवायचा कसा?" त्यांना तोंडी सांगता येईना. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला, बोटे आपोआप चालली, आणि ती बघून मग त्यांनी कळांची नावे सांगितली. तीस वर्षांची विद्या सगळी बोटांत होती. ती पुढच्या माणसापर्यंत पोचावी म्हणून आम्ही हा मेनू केला. त्यामुळे मेनूतल्या प्रत्येक ओळीत डाव्या बाजूला कामाचे नाव आणि उजव्या बाजूला त्या कामाच्या कळा लिहिलेल्या आहेत. नवशिक्यांनी उजवी बाजू वाचायची सवय ठेवावी. महिन्याभरात निम्म्या कामांना मेनू उघडावासाच वाटणार नाही, आणि आम्हाला तेच हवे आहे.

मेनू नेमका काय करतो

ऑल्ट दाबून ठेवा आणि एम दाबा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट उघडेल. वरखाली बाणांनी ओळ निवडून एंटर दाबा. चौकट मिटेल आणि काम होईल. काही न करता परतायचे असेल तर एस्केप.

मेनू तुमच्या फाइलला हात लावत नाही. तो फक्त तुमच्या वतीने कळा दाबतो. डॉसमध्ये दाबलेली कळ आधी एका छोट्या रांगेत जाते आणि वर्डस्टार तिथून ती उचलतो. या रांगेत एका वेळी १५ कळाच मावतात. आमचा मेनू निवडलेल्या कामाच्या कळा त्या रांगेत ठेवतो. त्या तुमच्या बोटाने दाबल्या की मेनूने, हे वर्डस्टारला कळत नाही. काम लांबलचक असेल तर मेनू कळा थोड्या थोड्या सोडतो. कोपऱ्यात फुली दिसत असेपर्यंत कीबोर्डला हात लावू नका, नाहीतर तुमची कळ मध्येच शिरेल आणि भलताच हुकूम जाईल.

याच कारणाने मेनूला एक मर्यादा आहे. वर्डस्टार त्या क्षणी काय विचारतो आहे, हे मेनूला दिसत नाही. पडद्यावर फाइलचे नाव विचारलेले असताना मेनूतून "ठळक" निवडले, तर त्या कळा नावाच्या जागी पडतील. प्रश्न समोर असेल तर आधी उत्तर द्या, किंवा कंट्रोल-यू दाबून तो प्रश्न रद्द करा, आणि मगच मेनू उघडा.

मेनूतले शब्द मराठी आहेत पण रोमन अक्षरांत, याबद्दल काहींनी नाराजी सांगितली. आम्हालाही देवनागरीच आवडली असती. डॉसच्या अक्षर-पडद्यावर साधारणतः २५६ आकृत्याच मिळतात. त्यात इंग्रजी आणि चौकटींच्या रेघा गेल्यावर आपल्या जोडाक्षरांना जागा उरत नाही. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नाही.

रोजचे काम: चतुःसीमा उचलणे

खतपत्रांच्या कामात सर्वांत जास्त लागते ते एका दस्तऐवजातला मजकूर दुसऱ्यात नेणे. मिळकतीचे वर्णन, सर्व्हे नंबर, पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर सीमा हे सगळे विक्रीखतात जसे आहे तसेच मुखत्यारपत्रात यायला हवे. पुन्हा टंकले की एखादा आकडा चुकतो, आणि सर्व्हे नंबरातल्या चुकीसाठी दुरुस्तीखत करावे लागते. म्हणून हे काम नीट शिका.

वर्णनाच्या पहिल्या अक्षरावर या आणि कंट्रोल-के-बी दाबा (कंट्रोल दाबून ठेवून आधी के, मग बी). शेवटच्या अक्षराच्या पुढे जाऊन कंट्रोल-के-के. मधला मजकूर वेगळा उठून दिसेल. आता कंट्रोल-के-डब्ल्यू दाबा. वर्डस्टार नाव विचारेल. नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा, डॉस त्याहून लांब नाव घेत नाही. तेवढा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहिला जाईल. दुसरा दस्तऐवज उघडा, हवी ती जागा गाठा आणि कंट्रोल-के-आर दाबून तेच नाव द्या. मजकूर तिथे उतरेल. मेनूत या दोन ओळी "चतुःसीमा बाहेर" आणि "चतुःसीमा आत" अशा नावांनी आहेत, कारण आमचे ग्राहक तसेच बोलतात.

त्याच दस्तऐवजात हलवायचे असेल तर कंट्रोल-के-व्ही, प्रत करायची असेल तर कंट्रोल-के-सी. खूण केलेला भाग पुसायचा असेल तर कंट्रोल-के-वाय. या शेवटच्या हुकमापासून सांभाळा. कंट्रोल-यू शेवटचे पुसलेले परत आणतो, पण त्याची आठवण तोकडी आहे आणि मोठा तुकडा त्यात मावत नाही. म्हणून मेनूतून पुसताना आम्ही मध्ये एक प्रश्न घातला आहे. कळांनी थेट पुसलेत तर मेनूचा प्रश्न येणार नाही.

ठळक अक्षरांसाठी सुरुवातीला आणि शेवटी कंट्रोल-पी-बी, अधोरेखनासाठी कंट्रोल-पी-एस. शेवटची खूण विसरली तर पुढचा सगळा कागद ठळक छापला जातो. मेनू दोन्ही खुणा एकदम घालून कर्सर मध्ये आणून ठेवतो, त्यामुळे ही चूक होत नाही. परिच्छेदात बदल केल्यावर ओळी लांबआखूड होतात, त्या कंट्रोल-बी ने सारख्या करा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि वर्डस्टार ४ आपणहून काही जतन करत नाही. दर परिच्छेदानंतर कंट्रोल-के-एस. ही एक सवय मेनूवर सोडू नका, बोटांनाच लावा. जतन करताना वर्डस्टार आधीची आवृत्ती .बॅक नावाने ठेवतो. काही बिघडले तर त्या फाइलीची दुसऱ्या नावाने प्रत करून ती उघडा. आणि डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ९ एकत्र कधी दाबू नका. काही आवृत्त्यांत त्याने काही न विचारता डॉसबॉक्सच बंद होतो आणि जतन न केलेले सगळे जाते.

पोर्तुगीज अक्षरे

गोव्याबाहेरच्या दुकानदाराला ही अडचण सांगून कळत नाही. जुन्या खतांत सांव, कॉन्सेइसांव अशी नावे येतात. त्यांत शेपटीचा सी असतो आणि वर नागमोडी रेघ असलेला ए असतो. उतारा जुळवताना नाव मूळ खतातल्यासारखेच लागते. डॉसच्या नेहमीच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचात शेपटीचा सी आहे, पण नागमोडी ए आणि ओ नाहीत. ८५० मध्ये तिन्ही आहेत: शेपटीचा सी १३५, नागमोडी ए १९८, नागमोडी ओ २२८. आम्ही तुमच्या यंत्रावर ८५० लावून दिला आहे, आणि मेनूतल्या "पोर्तुगीज" या ओळीखाली ही अक्षरे आकड्यांशिवाय मिळतात.

एखाद्या दिवशी नावात नागमोडी ए च्या जागी चौकटीच्या रेघेचा तुकडा दिसला, किंवा ओ च्या जागी ग्रीक सिग्मा, तर घाबरू नका. फाइल शाबूत आहे, फक्त अक्षरसंच ४३७ वर गेला आहे. नाव पुन्हा टंकू नका. तसे केले की खरोखरची चूक फाइलीत शिरते. डॉसबॉक्स बंद करून आमच्या चिन्हावरून पुन्हा सुरू करा.

महाजनांना सूचनापत्रे

देवस्थान समित्यांसाठी वर्डस्टारची सर्वांत उपयोगी सोय म्हणजे एकच पत्र सर्व महाजनांना, म्हणजे देवस्थानाच्या सदस्यांना, ज्याच्या त्याच्या नावाने छापणे. नावे आणि पत्ते एका फाइलीत, पत्र दुसऱ्या फाइलीत. नावांची फाइल सुरुवातीच्या पडद्यावर एन दाबून साध्या मजकुराची म्हणून उघडायची. एका ओळीत एक महाजन आणि भागांच्या मध्ये स्वल्पविराम. पत्राच्या सुरुवातीला .डीएफ पुढे त्या फाइलीचे नाव, .आरव्ही पुढे भागांची नावे, आणि पत्रात जिथे नाव यायचे तिथे ते दोन अँपरसँड (&) खुणांच्या मध्ये लिहायचे. छापताना सुरुवातीच्या पडद्यावरून एम.

इथे आपल्याकडे हमखास एक चूक होते. पत्त्यातच स्वल्पविराम असतात: घराचे नाव, वाडा, म्हार्दोळ, फोंडा. वर्डस्टारला प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे नवा भाग वाटतो. मग पुढचे सगळे सरकते आणि एकाचा पिन कोड दुसऱ्याच्या नावापुढे छापला जातो. पत्ता पूर्ण दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा. पाच-सहा पत्रे साध्या कागदावर छापून बघा, मगच सगळी यादी सोडा.

वर्डमध्ये न्यायचे असेल तर

वर्डस्टार ४ ची दस्तऐवज फाइल थेट नोटपॅडमध्ये उघडली की जवळजवळ प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र दिसते. अनेकजण विषाणू शिरला समजून फाइल टाकून देतात. कृपया टाकू नका. इंग्रजी अक्षराला सात बिटे पुरतात. मोकळ्या राहिलेल्या आठव्या बिटात वर्डस्टार स्वतःची खूण ठेवतो आणि ती खूण शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर असते. मेनूतली "साधी प्रत" ही ओळ त्या खुणा काढून .टीएक्सटी नावाने वेगळी प्रत करते. पोर्तुगीज अक्षरे तीत टिकून राहतात. मूळ फाइल तशीच असते. ठळक आणि अधोरेखन मात्र साध्या प्रतीत येत नाही, ते वर्डमध्ये पुन्हा करावे लागेल.

फ्लॉपी

साडेतीन इंचाच्या फ्लॉपीसाठी यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचाच्या फ्लॉपीसाठी मिळत नाही. तिच्यासाठी आम्ही एक जुने यंत्र चालू ठेवले आहे. आपल्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. सरकती पट्टी बाजूला करून बघा. पांढरट डाग दिसले तर ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचे डोके खराब होते आणि त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. तशीच आमच्याकडे आणा. किती वाचेल याची हमी देता येत नाही, पण वाचलेल्या प्रत्येक फाइलीची यादी तुम्हाला मिळेल आणि न वाचलेल्यांचीही.

मेनू दिसेनासा झाला तर

मेनू वर्डस्टारच्या आधी स्मृतीत जाऊन बसावा लागतो. आमच्या चिन्हावरून सुरू केले की ते आपोआप होते. वर्डस्टार चालू असताना त्याच्या आर या सोयीतून डॉसमध्ये जाऊन मेनू सुरू करू नका. तो वर्डस्टारने तात्पुरत्या मोकळ्या केलेल्या जागेत अडकून बसतो आणि परतताना स्मृती पुरत नाही. काम जतन करा, वर्डस्टारमधून पूर्ण बाहेर या आणि पुन्हा सुरू करा.

मेनू नकोसा झाला तर काढणेही तुमच्याच हातात आहे. वर्डस्टार सुरू करणाऱ्या बॅच फाइलीत (डॉसच्या हुकमांची साधी यादी) मेनूची एकच ओळ आहे, ती पुसली की झाले. तुमची खते, याद्या आणि पत्रे आधी होती तशीच उघडतील.