कुरडई फुलते कशी आणि बिघडते कुठे

तीन दिवस भिजलेला गव्हाचा दाणा चिमटीत दाबला की टरफल बोटांत राहतं आणि दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. गहू वाटायला आला की नाही, हे ओळखायची घरोघरची परीक्षा एवढीच. त्या थेंबात स्टार्चचे सूक्ष्म कण असतात. कुरडईचं सगळं काम म्हणजे हे कण दाण्यातून सोडवायचे, शिजवून फोडायचे, निवताना पुन्हा बांधू द्यायचे, उन्हात काचेसारखे कडक करायचे आणि शेवटी तेलात फुगवायचे. कुरडई फसली की दोष कढईला किंवा तेलाला दिला जातो, पण चूक बरेचदा आठवडाभर आधी, गहू भिजत असतानाच झालेली असते.

गहू १ किलो धरू. कुरडईसाठी लोकवन घेण्याची पद्धत आहे. (या नावातलं ‘वन’ म्हणजे इंग्रजीतला एक: गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं हे ‘लोक-१’ वाण.) शेवयांसाठी नावाजलेला बन्सी इथे तितकासा सोयीचा नाही. त्याचा दाणा टणक, त्यातले स्टार्चचे कण प्रथिनांत घट्ट रुतलेले, त्यामुळे मेहनत जास्त आणि चीक, म्हणजे गव्हाचं पांढरं सत्त्व, कमी.

गहू धुऊन, वर तरंगणारे दाणे काढून टाकून, चार बोटं वर राहील इतक्या पाण्यात भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. पहिल्या दिवसानंतर पाण्याला आंबूस वास येतो, फेस धरतो. दाण्यावरचे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागल्याची ती खूण. आम्लामुळे कणांना धरून ठेवणारं प्रथिनांचं जाळं सैल पडतं, म्हणून आंबणं इथे हवंच आहे. पाणी बदललं नाही तर मात्र विरघळलेल्या साखरेवर नको ते जिवाणू माजतात. वास आंबट असेल तर ठीक. कुजकट आला, पाणी तार धरू लागलं, तर तो गहू वाचवायच्या भानगडीत पडू नये. वैशाखात विदर्भाकडे दोन दिवसांतही दाणा चिमटीला येतो. दिवस मोजण्यापेक्षा चिमटीवर विसंबावं.

सगळे दाणे पाण्याखाली राहायलाच हवेत. अंकुर फुटायला प्राणवायू लागतो आणि बुडालेल्या दाण्याला तो पुरेसा मिळत नाही. वर उघडा पडलेला दाणा मात्र मोड धरू लागतो, आणि मोड धरताना तो अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) बनवतो. हे विकर स्टार्चच्या लांब साखळ्या कातरून त्यांची साखर करतं. असा चीक शिजवताना दाट होता होता एकदम पातळ पडतो आणि त्याची कुरडई तळताना लालसर होते. अवकाळी पावसात शेतातच भिजलेल्या गव्हाचीही हीच रड: दाणा वरून धड दिसतो, आत विकर जागं झालेलं असतं. खात्री नसेल तर आधी मूठभर गव्हाचा चीक काढून शिजवून बघावा.

वाटताना भरपूर पाणी घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. दाणा फुटला पाहिजे, टरफलाचा भुगा होता कामा नये, कारण तो भुगा कापडातून उतरतो आणि कुरडई काळपट करतो. वाटण आधी चाळणीतून, मग सुती पंच्यातून गाळायचं. चोथा पुन्हा पाण्यात कालवून दोन-तीनदा पिळायचा, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. उरलेला चोथा चिवट लागतो, कारण बरंचसं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, त्यातच अडकलेलं असतं. मीठ, तिखट, तीळ घालून त्याच्या भुसवड्या होतात. चिकातही थोडं ग्लुटेन उतरतंच. ज्यांना गव्हातल्या ग्लुटेनचं पथ्य आहे, त्यांनी ‘हे तर नुसतं सत्त्व’ म्हणून घरची कुरडई खाऊ नये.

आता पातेलं रात्रभर हलवायचं नाही. ‘रात्रभर’ हा नुसता रिवाज नाही. गव्हाच्या स्टार्चचे कण दोन आकारांचे असतात: मोठे, मसुरीसारखे चपटे, साधारण २० ते ३५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि बारीक, गोल, १० मायक्रॉनच्या आतले. कण पाण्यात किती वेगाने बुडतो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. आकार पाचपट लहान, तर वेग पंचवीसपट कमी. २० सेंटिमीटर पाण्यातून २५ मायक्रॉनचा एकटा कण वीसेक मिनिटांत तळ गाठतो, ५ मायक्रॉनच्या कणाला मात्र सात-आठ तास लागतात. कणांच्या गर्दीत ते आणखी रेंगाळतात. दोन तासांत पाणी ओतून देणारा माणूस बारीक कण मोरीत घालवतो, आणि संख्येने तेच जास्त असतात.

सकाळी वरचं पिवळसर पाणी हळूच ओतून द्यायचं. खालच्या पांढऱ्या थरावर एक करडा, बुळबुळीत पापुद्रा दिसतो. ती प्रथिनं आणि बारीक कोंडा. चमच्याने खरवडून काढला तर कुरडई पांढरी होते. राहिला तर तळताना तीच प्रथिनं साखरेशी मिळून तांबूस रंग धरतात. तळातला चीक इतका घट्ट बसलेला असतो की चमचा जोरात खुपसला तर दगडावर आपटल्यासारखा थांबतो. हळू दाबला तर लोण्यात जावा तसा आत शिरतो. झटका बसला की कणांना एकमेकांशेजारून सरकायला वेळ मिळत नाही आणि ते जागीच अडतात. म्हणून चीक ढवळताना घाई करून उपयोग नाही.

धान्य भिजवून, पिळून, निवळून सत्त्व काढायची ही युक्ती आपल्याकडेच होती असं नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या केटोच्या रोमन शेतीग्रंथात जवळपास हीच कृती आहे, फक्त गहू दहा दिवस भिजवायचा. तिथे या पदार्थाला ‘अमुलम’ म्हटलंय. त्याचं मूळ ग्रीक नाव ‘अमिलॉन’, म्हणजे जात्यावर न दळलेलं. अमायलेज, अमायलोज ही रसायनशास्त्रातली नावं तिथूनच आली.

शिजवण्याचं माप सोपं आहे: जितक्या वाट्या घट्ट चीक, तितक्याच वाट्या पाणी. १ किलो गव्हाच्या चिकाला मीठ १० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे, आणि चिमूटभर हिंग. शिजलेला चीक चाखताना अळणी वाटतो आणि हात मिठाकडे जातो. जाऊ देऊ नये. पाणी उडून गेल्यावर मीठ तेवढंच राहतं.

पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळवून त्यात चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्या हाताने लाटण्याने किंवा लाकडी पळीने सतत घोटायचं. ५५ ते ६५ अंश सेल्सियसच्या दरम्यान कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली रचना मोडते आणि पातेल्यातलं सगळं अचानक जड होतं. गोळी होते ती इथेच. चिकाचा थेंब एकदम उकळत्या पाण्यात पडला की त्याचा बाहेरचा थर शिजून डिंकासारखा होतो आणि आतल्या कोरड्या कणांपर्यंत पाणी पोचू देत नाही. घोटून हा थर वेळीच मोडायचा. एकाच दिशेने घोटावं म्हणतात. दिशेने काही बिघडत नाही, थांबल्याने बिघडतं.

मग मंद आचेवर झाकण ठेवून १० ते १५ मिनिटं, अधूनमधून हलवत. पांढरा चीक काचेसारखा अर्धपारदर्शक होतो आणि ओल्या बोटाला चिकटत नाही. कच्च्या चिकाची कुरडई वाळताना तुटते आणि तळल्यावर मध्ये दातांखाली कचकचीत खडा लागतो. अंदाज चुकवायचाच तर पाच मिनिटं जास्तीच्या बाजूने चुकवावा. याच क्षणी घरातली मुलं वाट्या घेऊन उभी असतात: गरम चीक, वर तूप आणि साखर.

सोऱ्यात चीक गरम असतानाच भरावा. निवू लागला की स्टार्चमधल्या अमायलोज नावाच्या सरळ साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि चिकाची खळ थिजते. मग सोऱ्या दाबताना हात भरून येतात आणि तार तुटते. पण कुरडई घातल्यावर हेच थिजणं कामाला येतं, तार आपला आकार धरून ठेवते. पाणी जास्त झालेल्या चिकाच्या तारा मात्र एकमेकींत मिसळून चपट्या होतात. वेटोळे दोनच थरांचे ठेवावेत. जाड कुरडई वरून खडखडीत वाजते आणि पोटात ओली राहते, आणि पावसाळ्यात बुरशी धरते ती तिथूनच.

उन्हापेक्षाही हवेचा कोरडेपणा महत्त्वाचा. चैत्र-वैशाखात मराठवाड्या-विदर्भात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर मुंबई-कोकणात ती ६० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे जी कुरडई तिकडे दोन दिवसांत वाळते, तिला इकडे चार ऊन्हं द्यावी लागतात. पहिल्या संध्याकाळी उलटवायची आणि रात्री घरात घ्यायची. १ किलो गव्हाची साधारण अर्धा किलो कुरडई उतरते.

वाळलेल्या कुरडईत सुमारे १० टक्के पाणी शिल्लक असतं, आणि फुलते ती त्या पाण्यावर. १९० ते २०० अंशांच्या तेलात काचेसारखी कडक तार क्षणभर रबरासारखी मऊ होते आणि त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशेपट जागा मागतं. तार आतून फुगते आणि पाणी निघून गेल्यामुळे फुगलेल्या आकारातच कडक होते. तेल कोमट असेल तर वाफ हळूहळू निसटते, कुरडई फुलत नाही आणि तेल पिते. एक तुकडा टाकून पाहावा: दोन-तीन सेकंदांत दुप्पट-तिप्पट फुलून वर आला पाहिजे. पावसाळ्यात डब्यातल्या कुरडईने ओल धरली असेल, तर वाफेचा जोर फुकट जातो आणि कुरडई चिवट राहते. तळण्याआधी तासभर उन्हात ठेवली की काम होतं.

तुटक्या कुरडयांची भाजी करतात, ती याच रसायनावर उभी आहे. वाळताना घट्ट बांधल्या गेलेल्या अमायलोजच्या साखळ्या उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत, म्हणून भिजवलेली कुरडई मऊ होते पण विरघळत नाही. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून निथळायची, भरपूर कांद्याच्या फोडणीत तिखट घालून दोन वाफा द्यायच्या. मीठ शेवटी, चाखूनच.