पेनेलोपे क्रूझ

पेनेलोपे क्रूझ ही स्पेनची अभिनेत्री, जन्म २८ एप्रिल १९७४, माद्रिदला लागून असलेल्या आल्कोबेंदास या गावातला. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्पॅनिश अभिनेत्री, आणि स्पॅनिश, इंग्रजी, इटालियन, फ्रेंच अशा चार भाषांमधे तिने काम केलंय. पूर्ण नाव पेनेलोपे क्रूझ सांचेझ, कारण स्पेनमधे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. आपल्याकडे बरेच जण इंग्रजीवरून पेनेलोपी म्हणतात पण स्पॅनिशमधे ते पेनेलोपेच आहे, आणि माद्रिदकडचा माणूस क्रूझ म्हणतो तेव्हा शेवटचा झ आपल्याला जवळजवळ थ सारखा ऐकू येतो.

तिच्याबद्दल लिहिलेलं बरंचसं सौंदर्य, फॅशन आणि कोणाबरोबर अफेअर होतं यातच संपतं. मला तिच्या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. ती हॉलिवूडला गेली, तिथे मोठमोठ्या हिरोंबरोबर काम केलं, पण जगाने तिला खरी मोठी अभिनेत्री मानलं ते ती परत आपल्या भाषेत बोलायला लागल्यावर. खाली सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

बालपण

घर साधं होतं. वडिलांचा दुकानदारीचा आणि गाड्या दुरुस्तीचा व्यवसाय, आईचं केस कापायचं सलून. पाठची बहीण मोनिका (तीही पुढे डान्सर आणि अभिनेत्री झाली) आणि धाकटा भाऊ एदुआर्दो, जो संगीतात गेला. पेनेलोपे हे नाव कॅटलान गायक जोआन मानुएल सेरातच्या १९६९ च्या गाण्यावरून ठेवलेलं, त्या गाण्यातली पेनेलोपे रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून आपल्या माणसाची वर्षानुवर्षं वाट बघते आणि तो शेवटी येतो तेव्हा तिला तो ओळखूच येत नाही.

शाळा सुटल्यावर ती आईच्या सलूनमधे जाऊन बसायची, अभ्यास करतेय असं दाखवायची आणि कान मात्र बायकांच्या बोलण्याकडे. तिथे येणाऱ्या बायका आरशासमोर बसल्या की घरातलं सगळं बोलून टाकायच्या, नवरा, सासू, पैसे, कोणाची काय लफडी. हीच माझी अभिनयाची पहिली शाळा असं तिने मुलाखतींमधून पुन्हा पुन्हा सांगितलंय. तिच्या नंतरच्या रोलमधल्या बायका बघितल्या, त्या हात पुसत पुसत कशा बोलतात, खोटं बोलताना चेहरा किती सरळ ठेवतात, तर हे सगळं कुठून आलं ते लगेच कळतं.

डान्स तर होताच. राष्ट्रीय संस्थेत तिने नऊ वर्षं बॅले शिकला, आणि पायाची बोटं रक्ताळेपर्यंत उभं राहायची ती शिस्त पुढे कामाला आली. आणखी एक गोष्ट म्हणजे घरात बीटामॅक्सचं मशीन होतं, तेव्हा त्या वस्तीत हे काही घरोघरी नव्हतं. कॅसेट भाड्याने आणून सिनेमे बघायचे. १९९० चा पेद्रो आल्मोदोवारचा 'आतामे' बघून तिने ठरवलं की अभिनयच करायचा आणि या माणसाबरोबर करायचा.

इथे थोडा काळ समजून घ्यायला हवा. हुकूमशहा फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरमधे मेला तेव्हा ती दीड वर्षाची होती. म्हणजे ज्या सेन्सॉरशिपमधे तिच्या आधीची पिढी वाढली ती हिच्या वाट्याला आलीच नाही, आणि ८० च्या दशकात माद्रिदमधे जी उधाण आल्यासारखी मोकळीक होती, गाणी, कपडे, सिनेमे, रात्र रात्र चालणारे क्लब, त्यातूनच आल्मोदोवार वर आला. त्याआधी तो दिवसा टेलिफोन कंपनीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात सुपर एट कॅमेऱ्यावर छोटे सिनेमे काढायचा.

सुरुवात

पंधराव्या वर्षी एका एजन्सीच्या ऑडिशनमधे तिने ३०० हून जास्त मुलींना मागे टाकलं. १९८९ मधे मेकानो या गाजलेल्या पॉप बँडच्या व्हिडिओमधे दिसली, मग टीव्हीवर तरुणांच्या एका कार्यक्रमाची अँकर झाली, आणि १९९२ मधे एकाच वर्षात दोन सिनेमे आले. बिगास लुनाचा 'हामोन हामोन' आणि फेर्नांदो त्रुएबाचा 'बेल एपोक'. पहिल्यात ती अंडरवेअरच्या कारखान्यात काम करणारी गरीब घरची मुलगी, आणि समोर हावियेर बार्देम नावाचा तेव्हा फारसा माहीत नसलेला नट. अठरा वर्षांनी याच माणसाशी तिचं लग्न झालं. दुसरा सिनेमा म्हणजे चार बहिणींची हलकीफुलकी गोष्ट, ती सगळ्यात धाकटी, आणि त्याला १९९४ मधे परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर मिळालं.

आल्मोदोवारने तिला 'किका' साठी बघितलं होतं पण त्या रोलला ती फार लहान होती. तुझ्यासाठी काहीतरी लिहितो म्हणाला आणि शब्द पाळला. १९९७ च्या 'कार्ने त्रेमुला' मधे ती फक्त सुरुवातीची काही मिनिटं आहे, पण ती मिनिटं बघाच. १९७० चा जानेवारी, माद्रिद, आणीबाणी लागलेली, रस्ते ओस, आणि एका वेश्येला रात्री कळा सुरू होतात. मिळेल ती बस थांबवून तिला आत घेतात आणि बसमधेच बाळ होतं. नाळ दाताने तोडणारी जी म्हातारी बाई आहे ती म्हणजे पिलार बार्देम, हावियेरची आई, म्हणजे पुढे पेनेलोपेची खरोखरची सासू. हावियेरही त्याच सिनेमात आहे. तेव्हा यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं.

त्याच वर्षी आलेहांद्रो आमेनाबारचा 'आब्रे लोस ओहोस' आला, १९९८ च्या त्रुएबाच्याच सिनेमासाठी पहिला गोया (स्पेनचा सगळ्यात मोठा सिनेमा पुरस्कार), आणि १९९९ मधे आल्मोदोवारचा 'तोदो सोब्रे मि माद्रे', ज्यात ती एचआयव्ही झालेली गरोदर नन आहे. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं तेव्हा स्टेजवर पाकीट उघडून पेद्रो अशी किंकाळी मारणारी तीच, शेजारी अंतोनियो बांदेरास.

हॉलिवूड

तिच्या आधी कोणी गेलंच नव्हतं असं नाही. ला मांचा भागातली सारा मोंतिएल १९५४ मधे गॅरी कूपर आणि बर्ट लँकेस्टरबरोबर 'वेरा क्रूझ' मधे होती, पण तिलाही तिकडे परक्या देशातल्या बाईचेच रोल मिळाले आणि खरं नाव झालं ते १९५७ मधे स्पॅनिश सिनेमामुळे. पेनेलोपेच्या बाबतीत सुरुवातीला हेच घडत गेलं.

१९९८ चा स्टीफन फ्रिअर्सचा 'द हाय लो कंट्री' हा पहिला अमेरिकन सिनेमा, तेव्हा तिला इंग्रजी येतच नव्हतं म्हटलं तरी चालेल, डायलॉग पाठ करून म्हणायची. मग रोल कसे मिळाले बघा. एका सिनेमात मेक्सिकोची, एकात ब्राझीलची, 'ब्लो' मधे कोलंबियाची, आणि २००१ च्या 'कॅप्टन कोरेली'ज मँडोलिन' मधे ती ग्रीक आणि हिरो निकोलस केज इटालियन, आणि दोघंही एकमेकांशी इंग्रजीत बोलतायत. स्पेनची बाई म्हणून तिला फारसं कोणी उभंच केलं नाही, कुठलीतरी लांबची सुंदर बाई हवी, ॲक्सेंट काही का असेना.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे 'व्हॅनिला स्काय'. हा 'आब्रे लोस ओहोस'चा अमेरिकन रिमेक आणि दोन्हीमधे सोफियाचा रोल तिचाच, म्हणजे तीच नटी, तोच रोल, चार वर्षांच्या अंतराने दोन भाषांमधे. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघायला मिळाले तर जरूर बघा. स्पॅनिशमधे ती वाक्य अर्धवट सोडते, दुसऱ्याचं बोलणं तोडते, हसता हसता खोचक बोलून जाते. इंग्रजीत प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारते, कारण तो शब्द तिला नीट उच्चारावा लागतोय. गोड दिसते, पण चेहऱ्यावरचं लक्ष भाषेकडे गेलेलं दिसतं. त्या वर्षी तिला वाईट अभिनयाच्या रॅझी पुरस्काराचं नामांकनही मिळालं, जे मला अजिबात पटत नाही. परक्या भाषेत नोकरी केलेल्या कोणालाही ही अडचण काय असते ते सांगावं लागणार नाही.

याच काळात भारताशी तिचा संबंध आला. ती कोलकात्याला मदर तेरेसांच्या संस्थेत काही दिवस काम करायला आली होती, आणि त्या पहिल्या अमेरिकन सिनेमाचे पैसे तिने या संस्थेच्या कामाला दिले.

बाहेर पडायची वाट इटलीतून सापडली. २००४ मधे सेर्जियो कास्तेलित्तोच्या 'नोन ति मुओवेरे' मधे ती गरीब, थकलेली, खराब दातांची बाई झाली, इटालियन शिकून, आणि इटलीचा दाविद दि दोनातेल्लो पुरस्कार घेऊन गेली. सुंदर दिसायची जबाबदारी काढून घेतल्यावर ती काय करू शकते ते इथे पहिल्यांदा लख्ख दिसलं.

वोल्वेर

२००६. वोल्वेर म्हणजे परत येणं, आणि ती खरंच परत आली, आल्मोदोवारकडे आणि माद्रिदच्या कामगार वस्तीतल्या बाईकडे. रायमुंदा विमानतळावर साफसफाई करते, आणखी चार ठिकाणी राबते, नवरा बेकार. एके दिवशी तो पोरीच्या अंगावर जातो आणि पोरीच्या हातून तो मरतो. रायमुंदा घरी येते, बघते, आणि रडत बसत नाही. फरशीवरचं रक्त पेपर नॅपकिन टाकून टिपते, ते कसं शोषलं जातंय ते कॅमेरा जवळून दाखवतो, मग पोछा मारते, सुरी सिंकमधे धुते, जणू रात्रीची भांडी घासतेय. तेवढ्यात दारावर शेजारचा हॉटेलवाला येतो किल्ली द्यायला आणि विचारतो मानेला रक्त लागलंय, काही झालं का. ती हात लावून बघते आणि सहज म्हणते, बायकांचं असतं ते. बस्स. तो गप्प.

हा सीन मी कितीतरी वेळा बघितलाय. दोन शब्दांत एक पुरुष दारातून परत जातो. सलूनमधे बसून ऐकलेल्या बायका इथे बोलतायत असं मला दर वेळी वाटतं.

कान महोत्सवात त्या वर्षी अभिनेत्रीचा पुरस्कार या सिनेमातल्या सहाही बायकांना मिळून दिला गेला, ज्यात कार्मेन माउरा आणि म्हातारी चुस लाम्प्रेआवेही होत्या. पेनेलोपेला गोया मिळाला, युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळालं, आणि मुख्य अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन, जे त्याआधी कुठल्याच स्पॅनिश अभिनेत्रीला मिळालं नव्हतं. तेही स्पॅनिशमधल्या कामासाठी, जे काम अमेरिकेतल्या सगळ्यांनी सबटायटल वाचत बघितलं. सिनेमातलं गाणं मात्र तिचा आवाज नाही, तो एस्त्रेया मोरेंते या फ्लामेंको गायिकेचा.

ऑस्कर

२००८ चा वुडी ॲलनचा 'विकी क्रिस्टिना बार्सिलोना'. ती येते ती जवळजवळ अर्धा सिनेमा झाल्यावर, मारिया एलेना, बार्देमची घटस्फोटित, भडक डोक्याची चित्रकार बायको. रागावली की धडाधड स्पॅनिशमधे सुरू होते आणि तो परत परत सांगतो, इंग्रजीत बोल, हिला (म्हणजे समोरच्या अमेरिकन क्रिस्टिनाला) समजत नाही. ती दोन वाक्यं इंग्रजीत बोलते आणि पुन्हा घसरते. डायरेक्टरला स्वतःला स्पॅनिश येत नव्हतं, त्यामुळे ती भांडणं दोघांनी बरीचशी आपल्या मनाने केली. हॉलिवूडने दहा वर्षं जे दाबायला लावलं तेच इथे रोलचं बळ झालं. २२ फेब्रुवारी २००९ ला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर. स्टेजवर तिने आल्कोबेंदासचं नाव घेतलं, तिथे वाढताना असं स्वप्न बघणं फारसं वास्तवात बसत नव्हतं असं सांगितलं, आणि शेवट स्पॅनिशमधे केला. आदल्याच वर्षी बार्देमला मिळालं होतं. २०१० मधे दोघांनी बहामात अगदी थोड्या लोकांत लग्न केलं, दोन मुलं आहेत, आणि मुलांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून दोघं फार काळजी घेतात.

नंतरची मोठी बजेटची कामं भराभर सांगतो, 'नाइन' (ऑस्कर नामांकन), 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा चौथा भाग, जेव्हा ती गरोदर होती म्हणून काही लांबच्या शॉटमधे बहीण मोनिका उभी राहिली, 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस', आणि टीव्हीवर इटालियन फॅशन डिझायनर दोनातेल्ला व्हर्साचीचा रोल. २०१८ मधे इराणच्या असगर फरहादीने तिला आणि बार्देमला घेऊन स्पेनमधल्या गावात सिनेमा केला, तो कानचा उद्घाटनाचा होता. २०२३ च्या 'फेरारी' मधे ती मुलगा गेलेली, नवऱ्याच्या कंपनीचा हिशोब सांभाळणारी लाउरा, आणि त्या सिनेमात ती दिसली की बाकी गाड्याबिड्या विसरायला होतं.

आल्मोदोवारबरोबर आतापर्यंत सात सिनेमे झाले, त्यातल्या 'पेन अँड ग्लोरी' (२०१९) मधे ती गुहेसारख्या घरात मुलाला वाढवणारी आई, नदीवर चादरी धुवून झुडपांवर वाळत टाकणारी. आणि २०२१ चा 'पॅरलल मदर्स', ज्यातली जॅनिस ही फोटोग्राफर आपल्या पणजोबांना यादवी युद्धात मारून जिथे पुरलं तो खड्डा उकरायला मिळावा म्हणून धडपडते. स्पेनमधे अशा बेनाम खड्ड्यांमधे लाखाहून जास्त माणसं असावीत असा अंदाज आहे आणि हा विषय तिथे आजही भांडणाचा आहे. या कामासाठी तिला व्हेनिस महोत्सवातला अभिनेत्रीचा पुरस्कार, वोल्पी कप, मिळाला, आणि चौथं ऑस्कर नामांकन, ज्या वर्षी बार्देमचंही होतं.

२०२२ मधे स्पेन सरकारचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार तिला मिळाला. त्याच वर्षी तिने घरं रिकामी करायला लावलेल्या गरीब लोकांवर, माद्रिदमधेच घडणारा 'एन लोस मार्खेनेस' हा छोटा सिनेमा प्रोड्यूस केला, आणि स्वतः त्यात सुपरमार्केटमधे काम करणारी, दुसऱ्या दिवशी घर जाणार असलेली बाई झाली.