स्कोअर एकदा लागला, म्हणजे आला का?

नेमबाजीच्या क्लासला मुलं घातलेल्या पुण्यातल्या पालकांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. शनिवार-रविवारी एक फोटो हमखास दिसतो: दहा गोळ्यांचा टार्गेट कागद, कोपऱ्यात पेनाने लिहिलेला ८८चा आकडा आणि खाली अंगठ्यांची रांग. कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच सकाळी त्याच मुलीने मारलेल्या बाकीच्या सिरीजचे (सिरीज म्हणजे दहा गोळ्यांची एक फेरी, शंभर गुणांची) कागद फोटोत नसतात, आणि ती कुठवर आली आहे हे कळायचं तर तेच कागद बघावे लागतात.

थोडा हिशेब करू. समजा, एका मुलीची दहा गोळ्यांची सरासरी ८५ आहे आणि तिचे स्कोअर त्या सरासरीच्या आजूबाजूला तीनेक गुणांनी हलतात. संख्याशास्त्राच्या भाषेत प्रमाण विचलन ३. एका सिरीजमध्ये तिला ८८ किंवा त्याहून जास्त लागण्याची शक्यता साधारण १६ टक्के. आता तिने दहा सिरीज मारल्या, तर निदान एकदा तरी ८८ लागण्याची शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. मुलगी तीच, नेम तोच. फक्त संधी जास्त मिळाल्या. ‘बेस्ट स्कोअर’ बघून प्रगती मोजणाऱ्यांची गफलत होते ती इथे.

अट जरा बदला: ८८ लागायला हवेत, पण सलग तीन सिरीजमध्ये. ८५ सरासरीच्या मुलीला हे जमण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ९१ सरासरीच्या मुलीला मात्र जवळपास ६० टक्के. प्रत्यक्षात सिरीज एकमेकींपासून इतक्या अलिप्त नसतात, खांदा भरून आला की पुढच्या सगळ्याच पडतात. पण हिशेबाचा कल हाच राहतो. नुसती ‘सलग’ची अट घातली आणि नशीब बरंचसं गाळून निघालं.

स्वतःच्या गतीने पुढे जायच्या नेमबाजी कोर्सची कल्पना याच पायावर उभी आहे. अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनची अशी एक जुनी शिडी आहे: प्रो-मार्क्समन, मार्क्समन, मार्क्समन फर्स्ट क्लास, शार्पशूटर, एक्स्पर्ट आणि सगळ्यात वर डिस्टिंग्विश्ड एक्स्पर्ट. प्रत्येक पायरीला अंतर, गोळ्या आणि स्कोअर ठरलेला असतो, आणि तो स्कोअर बहुतेक ठिकाणी एकापेक्षा जास्त वेळा मारून दाखवावा लागतो. मुदत नाही, प्रतिस्पर्धी नाही. आठवड्यात जमो की वर्षात, पायरी तीच.

आपल्याकडची शिडी स्पर्धांची आहे. जिल्हा, राज्य, मग मावळणकर किंवा विभागीय स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय. (हे मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. भारतीय रायफल संघटना १९५१मध्ये उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने.) प्रत्येक टप्प्याला किमान पात्रता स्कोअर असतो, पण तो ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या लेनवर लागावा लागतो. त्या दिवशी ताप असला तर वर्ष गेलं. म्हणून दोन स्पर्धांच्या मधल्या महिन्यांत घरची शिडी हवी, असं माझं मत आहे. बऱ्याच ठिकाणी मुलं स्पर्धा जवळ आली की धडाधड गोळ्या मारतात आणि एरवी नुसती हजेरी लावतात. त्याने काय साधतं, देव जाणे.

पण पायऱ्या कशाच्या करायच्या? नुसत्या गुणांच्या केल्या तर मूल गुणांच्या मागे लागतं, आणि पिस्तुलात नेमकं तेच नडतं. कारण भूमितीत आहे. दहा मीटर एअर पिस्तुलात दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला शिवली तरी गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. पुढे प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी.

आता हात ताणून पिस्तूल धरा. हात हलतोच. ऑलिंपिकच्या खेळाडूचाही हलतो, फक्त कमी. समजा नेम धरायच्या दोन खुणा, म्हणजे डोळ्याजवळची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची पुढची माशी, एका रेषेत अचूक आहेत आणि अख्खं पिस्तूल एक मिलिमीटर डावीकडे सरकलं. छर्राही एकच मिलिमीटर डावीकडे जाईल, दहा कायम. पण पिस्तूल जागच्या जागी राहिलं आणि मनगट वळून माशी खाचेच्या मानाने एक मिलिमीटर सरकली तर? खाच आणि माशी यांच्यात साधारण ३५ सेंटिमीटरचं अंतर. तो एक मिलिमीटर दहा मीटरवर जाईपर्यंत जवळपास २९ मिलिमीटर होतो. दहाचे सात झाले!

नवखं मूल बघतं ते काळं वर्तुळ. त्यावरून माशी तरंगत जाताना ‘आत्ता!’ म्हणत चाप ओढतं. नियमाने एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमचं ओझं पेलावं लागतं आणि पिस्तूल स्वतः किलोभराचं. अर्ध्या किलोचा झटका जरा तिरका बसला की माशी खाचेतून हलणारच. जे सात मिळाले ते हात हलल्याने नव्हे, हात हलतोय म्हणून केलेल्या घाईने मिळाले. म्हणून शिडीची पहिली पायरी कोऱ्या कागदाची असावी: टार्गेट उलटं लावायचं, काळं वर्तुळ नाही, गुण नाहीत. बघायची फक्त माशी. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, किती आवळला एवढंच मोजायचं. ड्राय फायरिंगही (छर्रा न भरता नुसता चाप ओढायचा सराव) याच पायरीवर, आणि त्याला छर्ऱ्यांचा खर्चही नाही.

ग्रुप आवळलेला आहे पण मध्यापासून बाजूला आहे, ही तक्रार साइटचे, म्हणजे खाच डावी-उजवी, वर-खाली सरकवणाऱ्या स्क्रूचे, क्लिक फिरवून सुटते. फक्त एका गोळीवरून क्लिक फिरवू नयेत. गुणवत्ता नियंत्रणाचे अमेरिकी तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग हे एका नरसाळ्यातून गोट्या टाकून दाखवत. नरसाळं स्थिर ठेवलं तर गोट्या खुणेभोवती ठरावीक पसरतात. प्रत्येक गोटीनंतर चुकलेल्या अंतराइतकं नरसाळं उलट सरकवत गेलं, तर पसारा कमी होण्याऐवजी वाढतो. विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, थेट दुप्पट होतं. नऊ उजवीकडे गेला म्हणून डावीकडे दोन क्लिक, आठ डावीकडे गेला म्हणून उजवीकडे तीन, असं करणारा नेमबाज हाताच्या थरथरीवर साइटची थरथर चढवत असतो. निदान पाच गोळ्यांचा मध्य बघावा, मग हात लावावा.

वरच्या पायऱ्यांवर लढाई सरासरीची कमी आणि वाईट गोळ्यांची जास्त होते. नेमबाज स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला, ऑलिंपिकच्या वेळी मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस होता. पॅरिस २०२४मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत त्याने ६०० पैकी ५९० मारले. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मिळून साठ गोळ्या, आणि गेले फक्त दहा गुण. तरी तो सातवा होता, अंतिम फेरी आठ जणांची. कांस्य मिळालं ते पुढे ४५१.४ गुणांवर. या पातळीवर एक आठसुद्धा परवडत नाही. छातीतल्या ठोक्याने रायफल हलते तेवढाही फरक इथे मोजला जातो. हृदयाची गती मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी असलेली आहेत, ती यासाठीच.

राहिला गतीचा प्रश्न. ८०, ८५, ८८, ९१ अशा पायऱ्या करा, प्रत्येकीला सलग तीन सिरीज, आणि पायरीचा प्रयत्न दिवसातून एकदाच. बाकी वेळ सराव. ‘एकदाच का, आज हात चांगला चाललाय की!’ असं मूल म्हणणारच. त्याला उत्तर एका जुन्या अभ्यासात आहे. ब्रिटिश टपाल खात्यात कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी त्यांच्या चार तुकड्या केल्या होत्या. तो अभ्यास १९७८मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कीबोर्ड यायला सुमारे ३५ तास लागले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना सुमारे ५०. आणि आपल्या वेळापत्रकावर सगळ्यात नाराज कोण होतं, तर रोज एक तासवाले. दिवसांच्या मोजणीत ते इतरांच्या मागे होते ना!