आल्तारावरची लोंबी: आगेऱ्याची पार्श्वभूमी

ऑक्टोबरचा पहिला रविवार हा मुंबई-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांत आगेऱ्याचा दिवस. शेतातून, आणि शेत उरलं नसेल तर गावच्या क्रुसापासून, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. पाद्री त्यांना आशीर्वाद देतात, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना होते आणि जो तो लोंब्या घेऊन घरी परततो. लुगडी, बँड, मिरवणूक हे सगळं फोटोंत येतं. खरी गोष्ट मात्र घरी गेल्यावर घडते. ती लोंबी घरातल्या आल्तारावर, म्हणजे वेदीवर, क्रुसाच्या मागे खोचून ठेवतात. संध्याकाळी घर तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला जमतं, ती संपली की लहान मुलं हात जोडून मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद मागतात, आणि वाळून पिवळी पडलेली ती लोंबी रोज समोर असते. आगेरा एका दिवसाचा असला तरी ही आठवण रोजची आहे, म्हणून या सणाचा उगम नीट समजून घ्यावासा वाटतो.

‘आगेरा’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘आगेर’पासून, म्हणजे शेतावरून आला असं मानतात. रीत मात्र रोमपेक्षाही जुनी. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायात, पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणायची आज्ञा आहे. ती वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाच्या सुमारास आणायची. तिथून 50 दिवस मोजले की नव्या धान्याच्या भाकरींचा सण येई. त्यालाच पुढे पेंटेकॉस्ट हे नाव मिळालं. जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात तर आभार कसे मानायचे याची पद्धतच दिली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. शेतकऱ्याने टोपली वेदीपुढे ठेवायची आणि आपल्या घराण्याची कहाणी सांगायची: माझा पूर्वज भटका अरामी होता, आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलामी भोगली, देवाने आम्हाला सोडवलं, आणि त्याने दिलेल्या जमिनीचं हे पहिलं फळ. पीक मी काढलं, असं त्यात कुठेच नाही. लगेच पुढची आज्ञा येते, की या आनंदात लेव्यालाही (मंदिराच्या सेवेतल्या, वाट्याला जमीन नसलेल्या वंशातल्या माणसाला) घ्या आणि परक्यालाही. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश तर लेवी, परका, पोरका आणि विधवा यांच्या पोटासाठीच. टोपली रिकामी झाल्याशिवाय आभार पुरे होत नव्हते.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हेच आपल्या जेवणात आणलं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि मोडून दिली. त्या उपकारस्तुतीसाठी ग्रीकमध्ये ‘युखरिस्तिया’ हा शब्द आहे, आणि मिस्सेच्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक तेच. म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या गाभ्यालाच ‘आभार’ असं नाव आहे. इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये हुतात्मा जस्टिनने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. भाकर आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती व्हायची, सगळ्यांना वाटा मिळायचा, जे आजारी असतील त्यांच्या घरी पोहोचवला जायचा. ज्यांना ऐपत होती ते स्वेच्छेने काही देत, आणि त्यातून पोरके, विधवा, बंदिवान, परगावचे पाहुणे यांची सोय व्हायची. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे प्रेषित पौलाचं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्तींना लिहिलेलं वाक्य मराठी ख्रिस्ती घरांत पाठ असतं. ते वाक्य ज्या मंडळीला लिहिलं ती छळाला तोंड देत होती, हे त्या पत्रातच दिसतं.

कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज आले तेव्हा पहिलं कणीस देवापुढे ठेवणं इथे कुणाला शिकवावं लागलं नसणार. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यात आजही नव्याची पंचम होते, महाराष्ट्रातही नवान्नाची रीत आहे. 1510मध्ये गोवा आणि 1534च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढे धर्मांतरं झाली, पण धर्म बदलला तरी शेतं तीच राहिली आणि पाऊसही तोच. गोव्यातल्या राय गावात 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे सण, होतं, ताळगावात 21 ऑगस्टला.

याला एक कठोर बाजूही आहे. 1736मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून नवख्रिस्तींच्या लग्नकार्यातल्या, खाण्यापिण्यातल्या, पेहरावातल्या कितीतरी स्थानिक चालीरीतींवर बंदी घातली. कणीस मात्र टिकलं. माझ्या मते याचं कारण असं, की ते शेतकऱ्याच्या जुन्या जगातही होतं आणि मोशेच्या ग्रंथात, म्हणजे लेवीय-अनुवाद या पुस्तकांतही. दोन्हीकडून घट्ट धरलेली गोष्ट सहजी सुटत नाही. 1739मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली. उपासना पुढे चालवली ती इथल्याच पाद्र्यांनी आणि गावकऱ्यांनी.

गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या कोंकणी ख्रिस्तींनी हीच रीत मंगळूरला नेली. तिथे 8 सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिनी, मोंती फेस्त असतं. आशीर्वादाच्या कणसातले दाणे सोलून दुधात किंवा खिरीत घालतात आणि घरातलं वडीलधारं माणूस ती सगळ्यांना वाटतं. त्या दिवशी जेवण शाकाहारी. मुंबईतल्या मंगळुरी कुटुंबांतही हे होतं. वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा त्याच सणाला धरून, 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते.

घाटावर ही परंपरा वेगळ्या वाटेने आली. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या पाद्र्याने, रॉबर्ट हॉकरने, 1843मध्ये चर्चमध्ये सुगीची उपकारस्तुती सुरू केली आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, 1831पासून होतं. तिथल्या मंडळ्यांत महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने आली. शेत दुसऱ्याचं, कापणी यांची, असंच बहुतेकांचं जिणं होतं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हंगामाच्या सणाला धान्य, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे येतात, आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एखादा भोपळा एकजण चढ्या भावाने घेतो आणि तिथल्या तिथे परत देतो, म्हणून तो पुन्हा लिलावात येतो. स्वतःची जमीन नसलेल्यांनी सुगीचे आभार मानायचे, यात मला ‘अनुवाद’ पुस्तकातल्या त्या भटक्या अराम्याची कहाणी ऐकू येते.

आता मुंबईच्या साष्टी बेटावरची भातशेती जवळजवळ संपली. मुंबईतल्या गावठाणांना उंच इमारतींनी घेरलंय. ज्यांच्याकडे शेत नाही ते आगेऱ्यासाठी जिथे अजून भात पिकतं तिथून लोंब्या आणतात. मिस्सेत अर्पणाच्या वेळी फळं-भाज्या पुढे जातात, कुठे कामाची हत्यारं. लोंब्या वाटताना रांगेतली मुलं एक-दोन दाणे काढून दातांखाली चावून बघतात. दाणा तेव्हा नुकता भरलेला असतो, तूस सुटत नाही. आया रागावतात, दाणे पदरात परत घेतात, आणि उरलेली लोंबी आल्तारावर जाते.