पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वरच्या टोकाशी, म्हणजे टीडीसीजवळ असताना त्याचा माथा आणि उघड्या व्हॉल्व्हचे तोंड यांच्यामध्ये उरणारी मोकळी जागा. मूळ कॅमचा (फुगवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) हिशेब धरूनच कंपनी पिस्टनच्या माथ्यावर खाचा देते, त्यामुळे नेहमीच्या दुरुस्तीत या अंतराकडे पाहावे लागत नाही. जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह अधिक उघडणारा) किंवा लांब ड्युरेशनचा (तो अधिक वेळ उघडा ठेवणारा) कॅम घातला, हेडला फेसिंग मारले (त्याचा तळ घासून सपाट केला), मोठे व्हॉल्व्ह अथवा उंच माथ्याचा पिस्टन बसवला, की तो हिशेब मोडतो आणि अंतर मोजल्याशिवाय इंजिन सुरू करणे धोक्याचे ठरते.

नवा कॅम घेताना बहुतेकांची नजर कमाल लिफ्टच्या आकड्यावर असते. या कामात तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो टीडीसीनंतर साधारण १०५ ते ११० अंशांवर. बुलेटसारख्या ९० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात तोवर पिस्टन ६० मिमीहून अधिक खाली गेलेला असतो. गाठ पडण्याचा संभव असतो तो ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात तेव्हा. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर येतो आणि मिटत चाललेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पाठीशी लागतो; टीडीसी ओलांडल्यावर उघडणारा इनटेक व्हॉल्व्ह उतरत्या पिस्टनचा पाठलाग करतो. सर्वांत कमी अंतर एक्झॉस्टला टीडीसीआधी आणि इनटेकला टीडीसीनंतर, दोन्हीकडे साधारण १० अंशांच्या आसपास सापडते. त्याच ९० मिमी स्ट्रोकवर टीडीसीपासून १० अंशांत पिस्टन जेमतेम ०.९ मिमी हलतो, म्हणून कॅमची टीडीसीवरची लिफ्ट हाच खरा कामाचा आकडा. काही कॅमच्या माहितीपत्रकात तो छापलेला असतो. मूळ कॅमची टीडीसी लिफ्ट १.५ मिमी आणि नव्याची २.७ मिमी असेल, तर आधीच्या अंतरातून १.२ मिमी गेले असे ढोबळमानाने धरावे.

किमान अंतर किती असावे, याबाबत कॅम बनवणाऱ्याने दिलेला आकडा अंतिम मानावा. तो नसल्यास हलक्या व्हॉल्व्हच्या ओव्हरहेड कॅम (कॅम हेडमध्येच असलेल्या) इंजिनात इनटेकला १.० मिमी आणि एक्झॉस्टला १.५ मिमी, तर लांब स्ट्रोकच्या पुशरॉड (कॅम खाली असून लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह हलवणाऱ्या) इंजिनात इनटेकला १.५ आणि एक्झॉस्टला २.० मिमी ठेवणे शहाणपणाचे. ही शिल्लक हाताने क्रँक फिरवताना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी असते : वाढत्या आरपीएमवर कनेक्टिंग रॉडचे ताणणे, बेअरिंगमधली ढिलाई, तापलेल्या व्हॉल्व्हची वाढलेली लांबी आणि स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्हचे तरंगणे. एक्झॉस्टला जास्त जागा लागते, कारण तो जास्त तापतो आणि वेळेवर मिटला नाही तर मागून येणारा पिस्टन त्याला थेट ठोकतो. रेव्ह लिमिटर (ठरावीक आरपीएमवर इग्निशन तोडणारी सोय) आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वेगात चुकून खालचा गियर पडला, तर चाकच इंजिनला लिमिटरच्या पलीकडे ओढते आणि तिथे इग्निशन तोडून काही उपयोग नसतो.

मातीची पद्धत सर्वांत सोपी. मुलांच्या खेळातली मऊ रंगीत माती किंवा प्लॅस्टिसिन घेऊन पिस्टनच्या खाचांवर ५ ते ६ मिमी जाडीचा थर द्यावा. खाचेच्या कडेवरही माती आली पाहिजे. व्हॉल्व्हच्या तोंडाला तेलाचा हात फिरवावा, म्हणजे माती चिकटून ओढली जात नाही. मग गॅस्केट घालून हेड ठरलेल्या टॉर्कला आवळावे. आधी दाबली गेलेली, पण त्याच जाडीची जुनी गॅस्केट यासाठी चालते. गॅस्केटशिवाय जुळवणी केल्यास तिची दाबलेली जाडी नंतर मापात मिळवावी. टायमिंगच्या खुणा जुळवून, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला दुवा) सेट करून, प्लग काढून क्रँक चालत्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. एका फेऱ्यात कॅम अर्धाच फिरतो, त्यामुळे एका फेऱ्यावर थांबल्यास ओव्हरलॅप हुकू शकतो. कुठे अडकले तर जोर लावू नये, हेड पुन्हा उतरवावे. नंतर ब्लेडने माती उभी कापून सर्वांत पातळ जागी व्हर्नियरच्या शेपटीने जाडी मोजावी. मातीवर व्हॉल्व्हच्या कडेचा ठसाही उमटतो. ती कड आणि खाचेची भिंत यांत किमान १ मिमी जागा हवी. मोठ्या व्हॉल्व्हच्या इंजिनात खोली पुरेशी असूनही इथेच घात होतो.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणाऱ्या) टॅपेटच्या इंजिनात, उदाहरणार्थ रॉयल एन्फिल्डच्या यूसीई (इंजिन व गियरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) बुलेटमध्ये, ही पद्धत फसवते. हाताने फिरवताना स्प्रिंगच्या दाबाने टॅपेट बसतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि अंतर आहे त्याहून जास्त दिसते. तिथे तपासणीपुरता घन टॅपेट वापरावा किंवा मूळ स्प्रिंग काढून अगदी हलकी स्प्रिंग घालावी.

हलक्या स्प्रिंगवर डायल गेजनेही मोजता येते आणि ते माप अधिक विश्वासाचे. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावून पिस्टन स्टॉपने (पिस्टन अडवणाऱ्या खुंटीने) खरा टीडीसी काढावा, गेजची दांडी व्हॉल्व्हच्या अक्षाच्या रेषेत बसवावी आणि टीडीसीच्या दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत दर २ अंशांवर व्हॉल्व्ह बोटाने दाबून पिस्टनला टेकवावा. काटा जितका हलतो तितके त्या ठिकाणचे अंतर. बकेट टॅपेटच्या (व्हॉल्व्हवर वाटीसारख्या बसणाऱ्या टॅपेटच्या) डीओएचसी, म्हणजे हेडमध्ये दोन कॅम असलेल्या इंजिनात कॅमखाली बोट पोचत नाही, म्हणून तिथे मातीच बरी.

माप घेण्याआधी कॅमचे टायमिंग पक्के हवे. कॅम ॲडव्हान्स केला (व्हॉल्व्ह लवकर उघडतील असा फिरवला) की इनटेकचे अंतर घटते व एक्झॉस्टचे वाढते. रिटार्ड केल्यास (उशिरा उघडतील असा फिरवल्यास) उलट. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगळे असून गियरवरच्या खुणांनी जुळवले जातात. तिथे एक दात चुकला तरी सगळे माप वाया. चेनवर चालणाऱ्या ओव्हरहेड कॅममध्ये हेड घासल्याने कॅम रिटार्ड होतो आणि सिलिंडर उचलल्याने ॲडव्हान्स होतो, हेही लक्षात ठेवावे.

अंतर कमी पडल्यास पिस्टनच्या खाचा खोल करणे हा सरळ उपाय. कटर व्हॉल्व्हच्याच कोनात लावावा आणि खाचेखाली माथ्याची जाडी निदान ४ मिमी उरते का, वरच्या रिंगच्या खोबणीला धक्का लागत नाही ना, हे आधी मोजावे. जाड बेस गॅस्केटनेही जागा मिळते, पण कॉम्प्रेशन घटते आणि स्क्विशची (पिस्टनची कड आणि हेड यांच्यामधली) फट सैल होते. शिवाय व्हॉल्व्ह तिरका असल्याने गॅस्केट जितकी जाड केली तितके पूर्ण अंतर मिळत नाही. उभ्या रेषेपासून २५ अंश कललेल्या व्हॉल्व्हला १ मिमी उचलल्यावर सुमारे ०.९ मिमी मिळते. सीट खोल घासून व्हॉल्व्ह आत बसवण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. हवेचा प्रवाह बिघडवून जागा मिळवण्यात अर्थ नाही.

याच जुळवणीत पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगच्या कड्या एकमेकींना भिडत नाहीत ना आणि रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी चकती) गाइडच्या सीलवर आपटत नाही ना, तेही पाहून घ्यावे. कमाल लिफ्टचा आकडा उपयोगी पडतो तो इथे. इंजिनात एकाहून अधिक सिलिंडर असतील तर प्रत्येकाचे माप वेगळे घ्यावे. गॅस्केटची जाडी, हेडचे फेसिंग किंवा कॅमचे टायमिंग यांपैकी काहीही नंतर बदलले, तर आधीचे माप रद्द समजावे.